मांसल वनस्पती आणि घरांतील अनेक हात

कोरफड, पानफुटी, शेर, निवडुंग हीं नांवें घेतलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें शेताचा बांध नाहीं तर परसाचा कोपरा उभा राहतो. अलीकडे यांचींच परदेशी भावंडें, मेक्सिकोची एचेवेरिया, दक्षिण आफ्रिकेची हॉवर्थिया, चिमुकल्या कुंड्यांतून थेट बैठकीच्या खोलींत येऊन बसलीं आहेत. मुलें वाढदिवसास तीं एकमेकांना भेट देतात. दोन महिन्यांनीं पाहावें तों पानें पिवळीं, बुंधा मऊ, आणि कुंडी परसांत उपडी! कारण शोधूं गेल्यास दुर्लक्ष क्वचितच आढळतें. बहुधा तें अतिलाडाचें असतें.

एकत्र कुटुंबांत हा लाड दुणावतो. सकाळीं आजोबा संध्येचें पाणी कुंडींत सोडतात, दुपारीं सूनबाई तांदुळाचें धुवण घालतात, सायंकाळीं शाळेंतून आलेलीं मुलें बाटलींतील उरलेलें पाणी रितें करतात. प्रत्येकाच्या हिशेबीं पाणी ओंजळभरच. पण तीन ओंजळींनीं माती सदा ओली राहते, मुळांना हवा मिळत नाहीं आणि तीं कुजूं लागतात. तुळशीला हें सर्व चालतें. कोरफडीला चालत नाहीं.

कां चालत नाहीं, याचें उत्तर पानफुटीच्या पानांत आहे, आणि त्या उत्तराचा पहिला धागा आपल्याच देशांत सांपडला हें पुष्कळांना ठाऊक नसेल. मद्रास इलाख्यांत कंपनी सरकारच्या नोकरींत असलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांनीं पानफुटीचें पान निरनिराळ्या प्रहरीं चाखून पाहिलें. सकाळीं तें आंबट लागलें, दुपारीं बेचव, सायंकाळीं किंचित् कडसर. त्यांचें हें निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेंत 1815 च्या सुमारास प्रसिद्ध झालें. त्याचा पूर्ण उलगडा पुढें विसाव्या शतकांत झाला. इतर झाडें दिवसा पानांचीं सूक्ष्म छिद्रें उघडून कर्बवायु घेतात व त्याच वाटेनें पाणी गमावतात. हीं मांसल झाडें तीं दारें रात्रीं उघडतात, घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठवितात, आणि दिवसा दारें लावून घेऊन त्या सांठ्यावर उन्हाच्या बळानें अन्न शिजवितात. म्हणून पहांटे पान आंबट. (हा चाखण्याचा प्रयोग मुलांकडून मात्र करवूं नये, पानफुटींत हृदयावर परिणाम करणारीं द्रव्यें असतात. तिची छाटणी गुरांपुढें टाकणेंही धोक्याचें आहे.)

ज्या झाडानें पाण्याचा इतका काटकसरीचा संसार मांडला, त्याला रोजचें पाणी म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्यास पुन्हा पानावर बसविणें होय. महाराष्ट्रांत कित्येक घरीं दाराला कोरफड उलटी टांगण्याची चाल आहे. माती नाहीं, पाणी नाहीं, तरी ती कित्येक महिने हिरवी राहते! संस्कृतांत तिला कुमारी म्हणतात. आमच्या दुधनीकडे कानडी बोलणारे शेजारी लोळेसर म्हणतात. या दारावरच्या कोरफडीकडे रोज पाहूनही आपण कुंडींतल्या तिच्या बहिणीस बुडवितों, हें नवल.

यास्तव पहिला नियम असा, कीं पाण्याचा अधिकार घरांतील एकाच व्यक्तीकडे असावा. आमच्या घरीं तो थोरल्या नातीकडे आहे, व पाण्याची तिथि एकादशी ठरली आहे. घरांतील मोठीं माणसें उपाशी असतात त्या दिवशीं झाडें जेवतात, असें ती म्हणते. वैशाखांत मध्यें एक जादा पाणी द्यावें लागतें. आषाढ-श्रावणांत एखादी एकादशी झाडांनाही निर्जळी घडते. पण पंचांगापेक्षां खराट्याची काडी अधिक विश्वासू. ती कुंडींत तळापर्यंत खुपसून काढावी. ओली माती चिकटून आली तर पाण्याचें नांव काढूं नये. कोरडी आली तर मात्र तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत पोटभर द्यावें, आणि खालच्या बशींतलें पाणी ओतून टाकावें. रोज घोटघोट देण्याची रीत सर्वांत वाईट.

मातीविषयीं आमच्या भागांतील लोकांनीं विशेष जपावें. येथील काळी माती ज्वारी-तुरीला अन्नपूर्णा आहे; पण कुंडींत ती ओली असतां चिखल धरते व वाळली कीं भेगाळून मुळें तोडते. एक भाग चाळलेली माती व जुनें शेणखत आणि दोन भाग जाड वाळू, मुरूम किंवा विटांचा चुरा असें मिश्रण करावें. कुंडी मातीची, तळाशीं छिद्र असलेली हवी. बाजारांत कांचेच्या बिनछिद्री भांड्यांत रंगीत खडे घालून हीं झाडें विकतात. तें भांडें शोभेचें खरें, परंतु झाड त्यांतून लौकर काढावें हें बरें.

उजेडाचें थोडक्यांत सांगतों. माळवदाच्या जुन्या घरांत झरोक्याखालचा उजेड पुरत नाहीं. झाड लांबट, फिकट होऊन खिडकीकडे मान काढतें. पूर्वेची खिडकी उत्तम. अंधारांतलें झाड मे महिन्याच्या उन्हांत एकदम ठेवल्यास पानें भाजतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवावें. पानांच्या बेचक्यांत कापसासारखें पांढरें दिसलें तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटांत बुडविलेल्या बोळ्यानें पुसून काढावा.

आतां एक गोष्ट, जिच्यांत हयगय नको. निवडुंग या एकाच शब्दाखालीं आपण दोन कुळें घालतों. आयुर्वेदांतील स्नुही, म्हणजे आपला थोर, आणि शेर हीं चिकाचीं झाडें. फड्या निवडुंग हा अमेरिकेंतून आलेला पाहुणा, त्याला दुधासारखा चीक नसतो. थोराचा किंवा शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर आग होते व दृष्टीस अपाय होतो. रांगत्या मुलांच्या घरांत हीं झाडें ठेवूंच नयेत. छाटतांना हात झांकावे. चीक डोळ्यांत उडालाच तर स्वच्छ पाण्यानें दहा-पंधरा मिनिटें डोळा धुवत राहावें आणि तडक डॉक्टरांकडे जावें. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा रसही तीव्र रेचक आहे. गर्भवती स्त्रियांनीं तो पोटांत घेऊं नये.

झाड कुजूं लागलेंच, तरी सर्व संपलें असें नाहीं. मऊ भाग स्वच्छ सुरीनें कापून टाकावा, निरोगी शेंडा सावलींत तीन-चार दिवस वाळूं द्यावा, व कापलेल्या जागीं खपली धरल्यावर कोरड्या वाळूंत रोवावा. पहिला आठवडाभर पाणी नाहीं. कोरफडीचें काम याहून सोपें. तिच्या बुंध्याशीं पिलें येतात, तीं चार बोटें उंच झालीं कीं मुळासकट अलग करतां येतात. सासरीं जाणाऱ्या मुलीबरोबर असें एक पिलूं वर्तमानपत्रांत गुंडाळून द्यावें; वाटेंत चार दिवस लागले तरी त्याला कांहीं होत नाहीं.