जुना संगणक द्या, पण सर्व्हरही आठवा



वसतिगृहातील आदिवासी मुलांसाठी जुने संगणक द्यावेत का, असे काही जण विचारतात. जरूर द्यावेत, पण आधी एक अडचण पाहा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा बिघडलेल्या संगणकापर्यंत दुरुस्ती करणारा पोहोचत नाही.

अशा ठिकाणी ‘थिन क्लायंट’ पद्धत सोयीची ठरते. सारे काम वसतिगृहातल्या एकाच ताकदवान सर्व्हरवर चालते. मुलांसमोर पडदा, कीबोर्ड, माऊस आणि सुमारे १० वॅट वीज घेणारी छोटी पेटी एवढेच असते. इंटरनेट गेले तरी धडा थांबत नाही. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘एलटीएसपी’ या मोफत प्रणालीमुळे हार्ड डिस्क गेलेला संगणकही या पेटीचे काम करू शकतो.

जागा वाढल्या की सर्व्हरची मेमरी वाढवावी लागते. दर मुलामागे साधारण १ जीबी धरावी. मात्र सर्व्हर बंद पडला की सगळा वर्ग थांबतो. म्हणून बॅटरी, रोजची राखीव प्रत आणि जमल्यास दुसरा सर्व्हर हवा.

पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलेले शरीर आणि अवयव इथेही आठवतात. संगणक देताना सर्व्हरसाठीही हातभार लावा, आणि मुलांना प्रार्थनेत आठवा.