मनगटावरील पहारा
(लेखांक पाचवा)

नाडी पाहणारा वैद्य आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेच्या काळापासून परिचयाचा आहे; परंतु तो कितीही निष्णात असला, तरी त्याची बोटे रोग्याच्या मनगटावर टेकणार ती घटकाभरच, आणि जो विकार मध्यरात्री डोकावून पहाटेपूर्वी निघून जातो, त्याची चाहूल त्या घटकेत लागावी तरी कशी? एट्रियल फिब्रिलेशन हा असाच विकार आहे. त्यात हृदयाची वरची दालने, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन पावण्याचे सोडून नुसती थरथरत राहतात. तेथे साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात ओढवतो, आणि पुष्कळदा तोवर रोग्याला कसलीच जाणीव झालेली नसते.

अशा विकारावर सतत नजर ठेवण्याचे काम आता मनगटावरचे स्मार्ट घड्याळ करू पाहते. अंधाऱ्या खोलीत असले घड्याळ मनगटावरून किंचित उचलून पाहावे. त्याच्या पाठीशी हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. रक्त हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे ठोक्यासरशी त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्या भरल्या की परत फिरणारा प्रकाश मंदावतो, त्या ओसरल्या की पुन्हा वाढतो, आणि या भरती-ओहोटीवरून दोन ठोक्यांमधील अंतर मोजले जाते. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर ते अंतर सरासरीने ८०० मिलिसेकंद भरते. निरोगी माणसातही ते श्वासागणिक थोडे कमीजास्त होतच असते. या विकारात मात्र त्याला ताळतंत्र म्हणून राहत नाही.

हा पहारा कितपत भरवशाचा, याची खातरजमा करण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ च्या अखेरीपासून ॲपलचे घड्याळ वापरणाऱ्या ४,१९,२९७ लोकांची पाहणी केली. हात हलला तरी प्रकाश चळतो, म्हणून नोंदी हात स्वस्थ असतानाच्या घेतल्या जात; आणि ४८ तासांच्या आत लागोपाठच्या सहा नोंदींपैकी पाच अनियमित ठरल्याखेरीज इशारा द्यावयाचा नाही, असा दंडक होता. तो मला फार मोलाचा वाटतो, कारण लाखो निरोगी माणसांच्या मनगटावर बसलेल्या यंत्राने उतावळेपणा केला, तर विनाकारण धास्तावलेल्यांची रीघ दवाखान्यांत लागेल. प्रत्यक्षात इशारा मिळाला तो २,१६१ जणांना, म्हणजे हजारी पाचांच्या आसपास. वयाची पासष्टी गाठलेल्यांत मात्र ते प्रमाण शेकडा तीनपर्यंत गेले.

पुढे छातीवर चिकटवावयाची ईसीजी-पट्टी टपालाने धाडण्यात आली. तपासता आलेल्या ४५० पट्ट्यांपैकी शेकडा ३४ मध्ये विकार आढळला. बाकीचे इशारे खोटेच होते, असा निवाडा यावरून देता येत नाही. कारण पट्टी लागेपर्यंत दिवस लोटलेले असत, आणि हा विकार तर येऊनजाऊन असणारा. पट्टी छातीवर असतानाच घड्याळाने इशारा दिला, तेव्हा तो शेकडा ८४ वेळा खरा ठरला.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा हात या कामी अधिक खोलवर पोहोचतो. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी ५३,५४९ रुग्णांचे ९१,२३२ ईसीजी, जाणकारांनी लिहिलेल्या शेऱ्यांसह, यंत्रापुढे ठेवून त्याला लयींचे १२ वर्ग ओळखण्यास शिकविले, आणि २०१९ साली त्याची पारख हृदयरोगतज्ज्ञांच्या तोडीची ठरली. परंतु हाती आलेल्या आलेखाचे वाचन ही एक गोष्ट, आणि घरोघरी वावरणाऱ्या माणसाला वेळेवर उपचारांपर्यंत नेणे ही दुसरी. त्या मोठ्या पाहणीत इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी तीन महिन्यांनंतरच्या प्रश्नावलीला उत्तरे धाडली, त्यांतील शेकडा ५७ जणांनीच आपणहून पाहणीबाहेरील डॉक्टरांची गाठ घेतली होती.