खुल्या भांडारातून मराठी अक्षरे कशी आणावीत?



शाळेचे बरेचसे लेखी काम आता संगणकावर होते. प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे, सभेचे इतिवृत्त, आणि हे वार्तापत्रसुद्धा. मात्र एका संगणकावर सुबक दिसणारा मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. काकतीहून बेळगावच्या छापखान्यात गेलेला मजकूर तेथे वाचताच आला नाही, तर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

याचे कारण सोपे आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट दुसरीकडे नसला की मूळची रोमन अक्षरे उघडी पडत. १९९१ साली पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोड पद्धतीत 'क', 'ळ', 'ऱ' अशा प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर तोच राहतो. मग चांगला युनिकोड फाँट आणायचा कोठून? कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून विकतच्या फाँटची नक्कल करून घेणे ही चोरीच होय, आणि शाळेने तो धडा मुलांना देऊ नये. सुदैवाने तशी गरजही नाही. चांगले मराठी फाँट खुल्या भांडारात रीतसर मिळतात. ते कसे, हे आज पाहू.

खुला स्रोत म्हणजे काय?

दुकानातून कुंदा आणला तर आपल्याला कुंदा मिळतो, त्याची कृती मिळत नाही. संगणकाच्या बहुतेक विकतच्या वस्तूंचे असेच असते. खुल्या स्रोताच्या वस्तूबरोबर मात्र कृतीही मिळते. या कृतीला 'सोर्स कोड' म्हणतात. ती वाचावी, तपासावी, सुधारावी आणि इतरांना द्यावी, अशी लेखी परवानगी सोबत असते. फाँटच्या बाबतीत अक्षरांचे मूळ आराखडे आणि जोडाक्षरे कशी जुळवावीत याचे नियम, ही ती कृती.

अशी कृती पुष्कळ माणसे मिळून सुधारत असली, तर कोणी काय बदलले याचा हिशेब ठेवावा लागतो. जमिनीच्या फेरफार नोंदी आठवा. नवी नोंद झाली म्हणून जुनी खोडून टाकत नाहीत. कोणी, केव्हा, कशासाठी बदल केला हे मागे जाऊन पाहता येते. संगणकावर हेच काम करणाऱ्या व्यवस्थेला 'व्हर्शन कंट्रोल', म्हणजे आवृत्ती-नियंत्रण, म्हणतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली 'गिट' नावाची अशी व्यवस्था तयार केली. तिच्यात प्रत्येक नोंदीला एक लांबलचक खूणक्रमांक मिळतो. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी हा क्रमांक बदलतो, म्हणून गुपचूप फेरफार लपत नाही. गिटने ठेवलेल्या संग्रहाला 'रिपॉझिटरी' म्हणजे भांडार म्हणतात. अशी लक्षावधी भांडारे 'गिटहब' या २००८ साली सुरू झालेल्या स्थळावर सर्वांसाठी उघडी आहेत.

'शोभिका'ची गोष्ट

या व्यवस्थेचा मराठीला कसा उपयोग झाला, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'शोभिका' हा फाँट. महाराष्ट्र शासनाच्या राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर दिला. आयआयटी मुंबईतील 'संधि' या विज्ञान व वारसा विषयक उपक्रमाला संस्कृत ग्रंथांसाठी फाँट हवा होता. त्यांनी कोऱ्या कागदापासून सुरुवात केली नाही. 'यशोमुद्रा' घेतला, त्यात भर घातली, आणि रोमन अक्षरांसाठी 'पीटी सेरिफ' हा दुसरा खुला फाँट जोडला. त्यातून 'शोभिका' तयार झाला. त्यात १६०० हून अधिक देवनागरी आकार असून ११०० हून अधिक जोडाक्षरांची सोय आहे. कोणी कोणाची मालकी हिरावली नाही, आणि मराठीसाठी झालेले काम संस्कृतच्याही उपयोगी पडले.

उतरवून घेण्याची रीत

१. गिटहबवर 'शोभिका' हे नाव रोमन लिपीत लिहून शोधा. एकाच नावाच्या अनेक प्रती दिसतील. आयआयटी मुंबईच्या 'संधि' उपक्रमाच्या खात्यातील मूळ भांडार निवडा.

२. पान उघडल्यावर प्रथम 'रीडमी' वाचा. ते भांडाराचे माहितीपत्रक असते. त्यानंतर 'लायसन्स' म्हणजे परवाना वाचा. परवानाच नसेल, तर भांडार सर्वांना दिसते म्हणून ते वापरण्याची मोकळीक आहे असे समजू नये.

३. नुसता फाँट हवा असेल तर 'रिलीजेस' या भागात जा. तेथे तयार आवृत्त्या असतात. मूळ आराखड्यांसह सर्व काही हवे असेल, तर 'कोड' या हिरव्या बटणाखालील 'डाउनलोड झिप' निवडा. यात भांडाराची आजची स्थिती मिळते, मागच्या नोंदी येत नाहीत.

४. मागच्या सर्व नोंदींसह भांडार हवे असल्यास संगणकावर गिट बसवून 'गिट क्लोन' ही आज्ञा भांडाराच्या पत्त्यासह द्यावी. आज्ञा रोमन लिपीत टंकावी लागते. पुढे नवी सुधारणा झाली की 'गिट पुल' या आज्ञेने तेवढीच भर येते. वरच्या वर्गातील मुलांनी ही रीत अवश्य शिकावी.

५. झिप फाइल सोडवा. आत 'ओटीएफ' किंवा 'टीटीएफ' प्रकारच्या फाइली दिसतील. विंडोजमध्ये फाइलवर उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल' म्हणावे. फाँटच्या झिपमध्ये 'ईएक्सई' प्रकारची फाइल आढळली तर ती चालवू नये. साध्या फाँटला तिची गरज नसते.

फाँट बसल्यावर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द लिहून पाहा. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. 'र्य' आणि 'ऱ्य' वेगळे दिसत नसतील तर तो फाँट मराठी शाळेच्या कामाचा नाही.

परवाना काय सांगतो?

'शोभिका' ज्या 'ओपन फाँट लायसन्स' या परवान्याखाली आहे, त्याच्या अटी थोडक्यात अशा. फाँट वापरावा, वाटावा, बदलावा. तो नुसता, एकटा विकू नये. बदललेला फाँट वाटायचा तर याच परवान्यावर वाटावा, आणि मूळ कर्त्यांनी राखून ठेवलेले नाव असल्यास ते बदललेल्या फाँटला देऊ नये. आपण फाँट वापरून छापलेल्या पुस्तकावर किंवा पत्रिकेवर मात्र कोणतीही अट येत नाही. शाळेने स्मरणिका छापून विकली तरी चालते.

आपल्या भागात मराठीच्या शेजारी कन्नड मजकूरही लिहावा लागतो. त्यासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेची 'अनेक' ही फाँटमाला पाहावी. २०२२ साली आलेल्या या मालेत देवनागरी व कन्नड धरून नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहेत. दोन्ही भाषांची अक्षरे एकाच घडणीची असल्याने सूचनाफलकावर ती एका घरातली वाटतात. हीसुद्धा खुल्या परवान्यावरच मिळते.

जुन्या अंकांचे काय?

नवा फाँट बसवला म्हणून जुन्या पद्धतीत टंकलेला मजकूर आपोआप वाचता येत नाही. तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि त्यानंतर माणसाने ओळ न् ओळ तपासावा लागतो. रफार आणि ऱ्हस्व इकार येथे विशेष घसरतात. काम कंटाळवाणे आहे, पण ते आताच करावे लागेल. जुना फाँट आणि तो चालवणारा संगणक दोन्ही गेल्यावर, कागदावरच्या प्रती सोडल्या तर शाळेचे ते अंक कोणाच्याच हाती राहणार नाहीत. पालकांपैकी ज्यांना टंकलेखन येते त्यांनी तपासणीचा थोडा भार उचलावा, आणि विश्वस्त मंडळाने फाँटवर वाचलेला पैसा या कामाकडे वळवावा, असे आम्ही सुचवतो.

विद्यार्थ्यांना एक सांगणे. एखादे जोडाक्षर चुकीचे दिसले तर भांडारातील 'इश्यूज' या भागात नम्रपणे तसे कळवा. कोणता शब्द, कोणती आवृत्ती, कोणता संगणक, हे नीट लिहा. ते वाचून कोणी दुरुस्ती केली, तर ती मराठी लिहिणाऱ्या सर्वांच्या उपयोगी पडेल.