पाळी गेली अन् पायातला जोरही?

गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सामुदायिक प्रार्थना संपते आणि जमिनीवर बसलेल्या बायका उठू लागतात. पन्नाशी उलटलेल्यांकडे पाहावं. कुणी गुडघ्यावर हात रेटते, कुणी शेजारणीचा खांदा धरते. "पाळी गेली अन् पायातला जोरही गेला," असं कुणी म्हणालं की आपण ते वयावर ढकलतो. पण ती बाई नेमकं बोलत असते.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरकही ओसरतं, आणि त्याचं काम गर्भाशयापाशी संपत नाही. हाडं, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांनाही त्याचा संदेश पोचतो. स्नायूच्या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी असतात. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होऊन दुरुस्ती करतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 साली दाखवलं, की मादी उंदरांत इस्ट्रोजेनचा संदेश तोडला तर या पेशी घटतात. पाळी जाण्याच्या काळातल्या बायकांच्या स्नायूंच्या नमुन्यांतही तोच कल आढळला. वयासोबत आधी झिजतात ते जलद आकसणारे तंतू, म्हणजे ठेच लागल्यावर तोल सावरणारे, बसल्या जागेवरून उठवणारे. जमिनीवरून उठणं जड का जातं, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्यात का? फिनलंडमध्ये 15 एकसारख्या जुळ्या बहिणींच्या जोड्या तपासल्या गेल्या. प्रत्येक जोडीतली एक बहीण संप्रेरकं घेणारी, दुसरी न घेणारी. घेणारीची जोरात चालण्याची गती आणि उडी मारण्याचा जोर जास्त निघाला. पण अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये निघाला, तेव्हा स्नायूंच्या वजनात म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यामुळे निव्वळ स्नायूंसाठी हा उपचार सहसा देत नाहीत. अंगातून वाफा येणं, झोप उडणं असा त्रास असेल, तर साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलावं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गाठ होऊन गेली असेल, तर ते आधी सांगावं.

खरा उपाय वजन उचलण्याचा आहे, आणि इथेच घरचे अडतात. दिवसभर निंदण अन् कापसाची वेचणी करणारीला आणखी व्यायाम कशाला? प्रश्न वाजवी वाटतो, पण फसवा आहे. वेचणीनं दम टिकतो, कंबर मोडते, ताकद मात्र वाढत नाही. कारण ओझं वर्षानुवर्षं तेवढंच असतं. स्नायूला हळूहळू वाढता भार लागतो. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी 8 आठवडे पायांनी वजनं उचलली, तर त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, म्हणजे व्यायाम या मातीला नवा नाही. गावच्या आखाड्यात आजीला मात्र कुणी बोलावलं नाही. तिनं खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा काढाव्यात, जमू लागलं की हातात पाण्याची भरली बाटली घ्यावी, पुढे वजन वाढवावं. आठवड्यातून दोनतीनदा पुरे. आशियाई तज्ज्ञांचा एक निकष असा: खुर्चीवरून 5 वेळा उठायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर तपासणी करावी.

ताटाचंही बघायला हवं. 55 किलोच्या बाईला रोज साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, उतारवयात त्याहून थोडी जास्त. अकोला दालमिलचं गाव, तूर इथलीच, तरी घरातल्या बाईच्या वाट्याला पातळ वरणाची वाटी येते. त्यात जेमतेम 5 ग्रॅम. घट्ट वरण, झुणका, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, हे आधी तिच्या ताटात पडावं.

भारतात पाळी सरासरी 46–47 व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत 51 च्या सुमाराला. म्हणजे इस्ट्रोजेनविना जगायची वर्षं इथं आधी सुरू होतात. त्यात 'गर्भाची पिशवी काढून टाका' हा सल्ला. नुसती पिशवी काढली तर अंडाशयं सहसा काम करत राहतात. अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन वर्षांऐवजी दिवसांत कोसळतं, मग वय पस्तिशीचं का असेना. अनेकींना आपलं नेमकं काय काढलं हे ठाऊक नसतं. ते डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावं, आणि अंडाशयं काढावीत की ठेवावीत हे शस्त्रक्रियेआधीच विचारावं.