बादलीतली तालीम
आमच्या अकोटहून अमरावतीला गेलात तर १९१४ साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अवश्य पाहा. वजन उचलायला मात्र तेवढे लांब जायला नको. घरची बादली पुरे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. (आमच्या खारपाणपट्ट्यातले पाणी किंचित जड, पण तो फरक हाताला कळायचा नाही!)

पाण्यासह पाच किलो भरेल अशी बादली धरून कोपर काटकोनात वाकवा. कोपर हा टेकू. बादली त्यापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर, तर दंडाचा स्नायू जेमतेम ५ सेंटिमीटरवर जोडलेला. म्हणजे स्नायूला सातपट, ३५ किलोंइतके बल लावावे लागते. ही तिसऱ्या प्रकारची तरफ: बलात तोटा, वेगात नफा.

म्हणून दहा-बारा वेळा नीट उचलता येईल इतकेच पाणी घ्या. पाठ वाकू लागली की थांबा. अशा दोन फेऱ्या, जोडीला जोर-बैठका, आठवड्यातून तीन दिवस. मधले दिवस विश्रांती, कारण स्नायू भरून येतात ते तेव्हाच. बारा वेळा सहज जमू लागले, की अर्धा लिटर पाणी वाढवा. तुम्हाला तो अर्धा किलो वाटेल. स्नायूच्या हिशेबी ते साडेतीन किलो आहेत.