दुसरी वाट हवीच

वीज गेली की घरातला पंखा थांबतो, टीव्ही बंद पडतो. तांब्याच्या तारेवरचा जुना दूरध्वनी मात्र बंद पडत नसे. भारनियमनाच्या अंधारातही रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू येई. याचे कारण असे, की त्या फोनला लागणारी थोडीशी वीज घरातून नव्हे, तर त्याच तारेतून एक्स्चेंजकडून येते. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्या असतात आणि तिथली यंत्रे त्यांना कायमची जोडलेली असतात. बाहेरची वीज असते तेव्हा बॅटऱ्या भरत राहतात. ती गेली, तर क्षणाचाही खंड न पडता यंत्रे बॅटरीवर चालतात. बॅटरी काही तास तग धरते. तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू होऊन भार उचलतो.

हा झाला विजेचा प्रश्न. पण यंत्रच बिघडले तर? १९६५ साली अमेरिकेत न्यूजर्सीतील सुकासुना या गावी मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झाले. ते बनवताना बेल कंपनीच्या अभियंत्यांनी उद्दिष्ट ठेवले होते, की चाळीस वर्षांत मिळून हे एक्स्चेंज दोन तासांहून अधिक काळ बंद राहता कामा नये. त्यासाठी त्यांनी कॉल जोडणाऱ्या संगणकाची जोडीच बसवली. दोन्ही संगणक तेच काम बरोबरीने करत आणि एकमेकांची उत्तरे ताडून पाहत. एक बिघडला की दुसरा काम पुढे नेई. मोटारीच्या डिकीत पडून असलेल्या स्टेपनीपेक्षा ही व्यवस्था वेगळी आहे. इथे दुसरे चाक आधीपासूनच फिरत असते.

केबलचेही तसेच. रस्ता खोदताना जेसीबीने ऑप्टिकल फायबर तोडली, तर काय करायचे? म्हणून शहरातली एक्स्चेंज सरळ रेषेत न जोडता गोलाकार कड्यात जोडतात. कडे एका जागी तुटले, की संदेश उलट्या बाजूने फिरून येतो. हा बदल सेकंदाच्या विसाव्या भागात होतो. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इतकी तजवीज असूनही दूरध्वनी सेवा कोलमडते, ती कशी? ८ मे १९८८ रोजी अमेरिकेत मदर्स डे होता. त्या रविवारी शिकागोजवळच्या हिन्सडेल येथील एक्स्चेंजला आग लागली. सुमारे ३५ हजार स्थानिक फोन मुके झाले. शिवाय आसपासच्या अनेक एक्स्चेंजचे मार्ग याच इमारतीतून जात असल्याने त्यांचाही संपर्क तुटला. शिकागोच्या विमानतळांवरील वाहतूकही विस्कळीत झाली. सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले. यंत्रे दोन असली, मार्ग दोन असले, तरी ते एकाच छपराखाली आले, की आगीच्या दृष्टीने ते एकच!

दुसरा धडा याहून सूक्ष्म आहे. १५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टी कंपनीच्या एका स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. ठरल्याप्रमाणे तो काही सेकंद थांबला, सावरला आणि पुन्हा कॉल पाठवू लागला. शेजारच्या स्विचने याची नोंद घ्यायला सुरुवात केली. ती पुरी व्हायच्या आत पुढचा संदेश येऊन थडकला आणि तो स्विच गोंधळून स्वतःच बंद पडला. सावरताना त्याने आपल्या शेजाऱ्यांची तीच गत केली. ही साथ देशभरातल्या ११४ स्विचमध्ये पसरली आणि सुमारे नऊ तास लांब पल्ल्याचे असंख्य कॉल लागेनात. प्रत्येक स्विचमध्ये राखीव संगणक होता. पण त्यातही तोच प्रोग्राम होता आणि प्रोग्राममध्ये तीच चूक होती. काही आठवड्यांपूर्वी नवा प्रोग्राम भरताना ती सगळीकडे पोहोचली होती. एका विहिरीचे पाणी दोन हंड्यांत भरून ठेवले, तरी विहीरच खराब असेल तर दुसऱ्या हंड्याचा काय उपयोग?

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीच्या जाळ्याच्या गाभ्यात केलेला एक बदल चुकला आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांचे मोबाइल व इंटरनेट एकदमच बंद पडले. दोन्ही सेवांचा गाभा एकच होता. अनेकांना तातडीच्या मदतीचा ९११ हा क्रमांकही लागेना. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. एकमेकांशी बोलण्यासाठी त्यांच्यापैकी बहुतेकांची भिस्त त्याच जाळ्यावर होती!

आता आपल्या घराकडे पाहू. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. म्हणून फायबरवरचा फोन घरच्या विजेवर चालतो; वीज गेली की तो गप्प. मोबाइल टॉवरची बॅटरीही काही तासांचीच सोबती. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल, तर फायबरच्या उपकरणाला छोटा इन्व्हर्टर जोडावा. घरात दोन मोबाइल असतील, तर ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असावेत. महत्त्वाचे चार क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावेत. आणि कुठलीही राखीव सोय करताना एक प्रश्न जरूर विचारावा : पहिली वाट ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरीही बंद पडणार नाही ना?