पानं थांबतात म्हणून चित्र चालतं

कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या वर्षाला असलेल्या एका वाचक मुलीचा प्रश्न आला आहे. तिला प्रकल्प म्हणून हाताने काढलेलं फ्लिपबुक करायचं आहे. सोबतच्या जर्नलमध्ये ‘वैज्ञानिक तत्त्व’ असा मथळा आहे आणि त्याखाली वर्गातले सगळे ‘दृष्टिसातत्य’ लिहून मोकळे होतात. तिचं म्हणणं असं की, आधीचं चित्र डोळ्यात रेंगाळत असेल तर दुसरं चित्र त्यावर येऊन पडल्यावर गिचमीड व्हायला हवी. मग बाहुली चालताना कशी दिसते?

या प्रश्नासाठी तिला जर्नलचे सगळे गुण आधीच देऊन टाकावेत. आपण शाळेत शिकलो ते असं : वस्तू समोरून गेली तरी तिची प्रतिमा दृष्टिपटलावर सुमारे १/१६ सेकंद टिकते, म्हणून सिनेमा हलताना दिसतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग ढोबळमानाने खरा आहे. ‘म्हणून’च्या पुढचं मात्र पहिल्यातून निघतच नाही. पाटी न पुसता तिच्यावर एकामागून एक बारा चित्रं काढली तर बारा चित्रांचा गुंता मिळतो, धावणारा घोडा मिळत नाही.

दृष्टिसातत्य पाहायचं असेल तर दिवाळीत अंधारात फुलबाजी फिरवावी. ठिणगीचा एक बिंदू फिरत असतो आणि आपल्याला दिसतं ते अख्खं वर्तुळ. म्हणजे हलणाऱ्या गोष्टीची स्थिर रेघ झाली. न्यूटनची तबकडी फिरवा, सात रंग हलत असतात आणि दिसते एक शांत पांढुरकी चकती. फ्लिपबुकात बरोबर उलटं घडतं. तिथे प्रत्येक चित्र स्थिर असतं आणि दिसते ती हालचाल. एकच कारण दोन उलट परिणामांना कसं पुरेल, हे एवढी वर्षं पाठ करताना आपल्यापैकी फार कुणी विचारलं नाही.

या गैरसमजाचं खापर बरेचदा पीटर मार्क रॉजे या इंग्लिश डॉक्टरवर फोडलं जातं. हा तोच रॉजे, ज्याचा समानार्थी शब्दांचा कोश १८५२ साली निघाला. त्याने १८२४च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. कुंपणाच्या उभ्या फटींतून पलीकडे जाणाऱ्या गाडीचं चाक पाहिलं तर त्याचे सरळ आरे वाकलेले आणि जागीच थबकलेले दिसतात, ते का, हा त्याचा विषय. पुन्हा तेच, हालचालीतून स्थिर आकृती. चित्रं चालू लागतात असं काही बिचाऱ्याने त्यात सांगितलेलं नव्हतं. पुढच्या सिनेमा-इतिहासकारांनी त्याला सिनेमाच्या आजोबांच्या जागी नेऊन बसवलं.

खरं काम केलं बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी. १८३२ साली त्यांनी पुठ्ठ्याची एक तबकडी केली. तिच्यावर गोलाकार ओळीत नाचणाऱ्या माणसाच्या एकेक पवित्र्याची चित्रं आणि कडेने बारीक फटी. आरशासमोर उभं राहून तबकडी फिरवायची आणि फटींतून आरशात पाहायचं, की माणूस गिरक्या घेतो. त्याच सुमारास व्हिएन्नात सिमॉन स्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे हेच खेळणं केलं. आता गंमत बघा : फटींऐवजी वरून सरळ पाहिलं तर तबकडीवर दिसतो फक्त करडा पट्टा. तो पट्टा ही दृष्टिसातत्याची करणी. फट डोळ्यासमोर आली की एका चित्राचं निमिषभर दर्शन होतं, मग काळा पुठ्ठा, मग पुढचं चित्र. म्हणजे फटी कापल्या त्या दृष्टिसातत्याचा फायदा घेण्यासाठी नव्हे, त्याचा उपद्रव टाळण्यासाठी.

प्लातोंविषयी एक कथा सगळीकडे सापडते. १८२९ साली त्यांनी पंचवीस-एक सेकंद सूर्याकडे टक लावून पाहिलं, म्हणून ते आंधळे झाले, असं सांगतात. विज्ञानासाठी डोळे दिलेला हुतात्मा ही गोष्ट कुणाला आवडणार नाही? पण त्यांची दृष्टी पूर्ण गेली १८४३च्या सुमारास, म्हणजे चौदा वर्षांनी, आणि नंतरच्या नेत्रतज्ज्ञांच्या मते कारण होतं डोळ्याच्या आतल्या थरांचा जुनाट दाह. मला तर त्यानंतरचं आयुष्य जास्त थक्क करतं. काहीही दिसत नसताना हा माणूस कितीतरी वर्षं साबणाच्या पडद्यांवर प्रयोग करत राहिला. तारेची चौकट द्रावणात बुडवायची, वर काढायची आणि पडदा कसा ताणला गेला ते घरच्यांनी व सहकाऱ्यांनी बघून सांगायचं. १८७३ साली त्यावर त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. चौकटीत मावणारा सर्वांत कमी क्षेत्रफळाचा पडदा कोणता, या गणिती कोड्याला आजही त्यांचंच नाव आहे आणि ते सोडवण्यातल्या कामासाठी जेसी डग्लस यांना १९३६ साली पहिल्यावहिल्या फील्ड्‌स पदकांपैकी एक मिळालं. फ्लिपबुकाशी याचा संबंध नाही, पण प्लातोंचं नाव काढून इथे न थांबता पुढे जाणं मला जमत नाही.

तबकडीची एक अडचण होती. ती गोल, त्यामुळे गोष्टही गोल. नर्तकाने गिरकी घेतली की पुन्हा तीच गिरकी. १८ मार्च १८६८ रोजी बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट या छपाईवाल्याने ‘कायनिओग्राफ’ नावाने पुस्तकाच्या रूपातल्या चलत्‌चित्राचं पेटंट घेतलं. एका कडेने बांधलेली पानं, प्रत्येकावर थोडं थोडं बदललेलं चित्र. आता गोष्टीला सुरुवात आली, शेवट आला. शिवाय आरसा नको, फटी नकोत.

फटी का नकोत, हे हातात पुस्तक घेऊन सावकाश पाहण्यासारखं आहे. सगळी पानं अंगठ्याने वर वाकवून धरायची आणि खालून एकेक सोडत जायचं. वाकलेल्या कागदात ताण साठलेला असतो, त्यामुळे सुटलेलं पान झटक्यात खाली येऊन सपाट पडतं आणि पुढचं पान येऊन पडेपर्यंत तसंच निश्चल राहतं. पडण्याचा क्षण इतका थोडा असतो की त्यातलं काही कळत नाही. थांबणं, झटकन बदलणं, पुन्हा थांबणं. सिनेमाच्या प्रोजेक्टरला हेच साधायला दातेरी चक्रं आणि फिरती झडप लागते. इथे ते काम अंगठा आणि कागद मिळून करतात. हर्मन कॅस्लर या अमेरिकी यंत्रज्ञाने १८९४च्या सुमारास याच कल्पनेचं नाणं टाकून चालणारं यंत्र केलं. म्युटोस्कोप त्याचं नाव. ढोलाला लावलेली साधारण साडेआठशे छायाचित्रांची पत्रं आणि बाजूला एक हँडल. पानाला अडवून सोडणारी खुंटी म्हणजे लोखंडी अंगठाच.

पण पानं थांबली म्हणून गिचमीड टळली, एवढंच झालं. चाल कुठून आली?

१९१० साली माक्स वेर्थायमर हे तरुण मानसशास्त्रज्ञ व्हिएन्नाहून रेल्वेने सुटीवर निघाले होते. वाटेत त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं, ते मध्येच फ्रांकफुर्टला उतरले, बाजारातून प्लातो-स्टाम्फर पद्धतीचं खेळणं विकत घेतलं आणि हॉटेलच्या खोलीत प्रयोग करत बसले, अशी हकिगत सांगतात. पुढे तिथल्या विद्यापीठात त्यांनी दोन रेघा आळीपाळीने दाखवण्याचे काटेकोर प्रयोग केले आणि १९१२ साली ते छापले. दोन रेघांमध्ये सेकंदाचा तीस-सहस्रांश एवढंच अंतर ठेवलं तर पाहणाऱ्याला दोन्ही एकदमच दिसत. दोनशे सहस्रांश ठेवलं तर आधी एक, मग दुसरी. साठच्या आसपास मात्र एकच रेघ इथून तिथे सरकताना दिसे. मधल्या जागेत काहीच नव्हतं, तरी पाहणाऱ्याला सरकणं स्पष्ट जाणवत होतं. हालचाल ही डोळ्यात साठलेल्या प्रतिमांची बेरीज नाही, मेंदू ती थेट जाणवून देतो, हा त्यांचा निष्कर्ष. गेस्टाल्ट मानसशास्त्राची सुरुवात इथून मोजतात. मानसशास्त्राच्या वर्गात वेर्थायमर भेटतात, पण भौतिकशास्त्राच्या पुस्तकात जिथे त्यांची खरी गरज आहे तिथे अजून १/१६ सेकंदच ठाण मांडून आहे.

मेंदूत हालचालीचं खातं वेगळं असतं याचा पुरावा पुढे जर्मनीतूनच आला. १९८३ साली म्युनिकच्या डॉक्टरांनी एका रुग्ण महिलेची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यावर तिला रंग दिसत, आकार दिसत, हालचाल मात्र दिसेना. कपात चहा ओतताना तिला धार गोठलेल्या बर्फासारखी दिसे आणि कप भरत आलेला कळत नसे. रस्ता ओलांडताना दूरची गाडी एकाएकी अंगाशी आलेली असे. डोळे ठणठणीत, प्रतिमा रेंगाळण्यातही बिघाड नाही. हिच्या हातात उत्तम फ्लिपबुक दिलं असतं तरी तिला सुट्या चित्रांची थप्पीच दिसली असती, असा माझा अंदाज.

तेव्हा जर्नलमध्ये ‘आभासी गती’ लिहावं, खाली वेर्थायमर, १९१२. परीक्षक अडून बसले तर फुलबाजीचं उदाहरण द्यावं.

आता कामाचं. सेकंदाला बारा पानं सुटतील असं धरलं तर साठ पानांत पाच सेकंदांची गोष्ट होते, आणि पाच सेकंद वाटतात त्यापेक्षा बरेच असतात. समजा वरून पडणारा चेंडू काढायचा आहे. सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू जवळजवळ अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे सहा पानं. नवशिक्या हाताने सहा समान टप्पे केले की चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. गॅलिलिओने दाखवलं की समान वेळात पडण्याची अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांत वाढतात. पानावर पडण्याची उंची ६ सेंटिमीटर घेतली तर टप्पे येतात १.७, ५, ८.३, ११.७, १५ आणि १८.३ मिलिमीटर. पट्टीने खुणा करून बघा, चेंडूला वजन येतं. शेवटच्या टप्प्यांत चेंडू स्वतःच्या व्यासापेक्षा लांब उडी मारतो, तिथे मेंदूला ‘हा तोच चेंडू’ हे जुळवणं जड जातं. अ‍ॅनिमेशनवाले म्हणून वेगातला चेंडू लांबट काढतात आणि जमिनीवर आपटला की चपटा.

जुळवणीचा मेंदूचा नियम साधा आहे : जवळात जवळचं ते तेच. सिनेमात बग्गीची चाकं उलटी फिरतात ती यामुळे. दोन चौकटींच्या मध्ये आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी पोचलेला असतो आणि मेंदूला तो थोडासा मागे गेल्यासारखा वाटतो. गोम किंवा सायकल काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एखाद्या पायाला किंवा आऱ्याला वेगळा रंग दिला की भानगड मिटते.

कागद साध्या वहीचा नको, मऊ पानं घोळक्याने पडतात. फार जाड कार्डशीटही नको, कारण जाडी दुप्पट झाली की तोच कागद वाकवायला आठपट जोर लागतो. १६० ते २०० जीएसएमचा कार्ट्रिज कागद ठीक. छपाईवाले ज्याला ‘ग्रेन’ म्हणतात ती तंतूंची दिशा बांधणीला समांतर ठेवावी, पानं सहज वाकतात. पुठ्ठ्याच्या बांधणीपेक्षा बुलडॉग क्लिप बरी, चुकलेलं पान बदलता येतं. चित्रं शेवटच्या पानापासून काढायला घ्यावीत. प्रत्येक नवं पान आधीच्या चित्रावर येतं आणि खिडकीच्या काचेवर धरलं की खालची रेघ दिसते.

विषयाचं म्हणाल तर चेंडू आणि धावणारी बाहुली सगळेच करतील. जे. जे.त शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी भांडवल उभं करायला लोकांना काय दाखवलं? ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रफीत उघडत रोपाची वाढ एका छोट्या फितीत आणली. पडद्यावर रोप सरसर वर आलं. ज्या बदलाला मेंदू हालचाल म्हणायला तयार नव्हता, तो त्यांनी त्याला पेलेल अशा अंतरात आणून ठेवला. त्याच्या दोन दशकं आधी कल्याणच्या पटवर्धनांच्या ‘शांबरिक खरोलिका’ या जादूच्या कंदिलाच्या खेळात काचेवर हाताने रंगवलेली चित्रं झटपट बदलून पात्रं हलवत, म्हणजे हाताने काढलेल्या हालचालीची परंपराही आपल्याकडे जुनीच.

वाटाण्याचंच फ्लिपबुक करता येईल, कॅमेऱ्याशिवाय, समोर बसून. दहा दिवस, दर चार तासांनी एक चित्र, साठ पानं. रात्रीची पानं अंदाजाने भरावी लागतील आणि त्याला हरकत नाही. पण एक खोच आहे. वेलीचं कोवळं टोक नुसतं वर जात नाही, ते हवेत चकरा मारतं आणि एकेक चक्कर काही तासांतच पुरी होते. चार तासांनी पाहिलं तर बग्गीच्या चाकाचा घोटाळा इथेही होणार, टोक पानापानावर वेड्यासारखं उड्या मारताना दिसेल. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी वनस्पतींच्या हालचालींवर १८८० साली पुस्तक काढलं, त्यासाठी ते रोपासमोर काच ठेवून टोकाची जागा ठरावीक वेळाने तिच्यावर ठिपक्याने नोंदवत आणि ठिपके सरळ रेघांनी जोडत. या आकृत्या कोनदार दिसतात त्या ठिपक्यांमध्ये वेळ गेल्यामुळे, मिनिटामिनिटाला ठिपका दिला असता तर रेघा वळणदार आल्या असत्या, हे डार्विननी स्वतःच तिथे बजावलं आहे. म्हणून निदान एका सुटीच्या दिवशी तरी दर पंधरा मिनिटांनी चित्र काढावं, ती पानं वेगळ्या क्लिपमध्ये लावावीत आणि टोक कुठल्या बाजूने फिरतं, घड्याळाच्या की उलट, ते जर्नलमध्ये लिहावं.